बोर्ड नको म्हणून सांग, बूट मात्र स्वतःचे घे

प्रश्न : ताई, मी ठाण्यात राहते. वय ३१, उंची पाच फूट तीन इंच, वजन ५६ किलो. गेल्या जानेवारीत मैत्रिणींबरोबर गुलमर्गला गेले होते, तिथे तीन दिवस स्नोबोर्डिंग शिकले. शिकले म्हणजे पडले. बर्फ इतका टणक होता की मनगट आणि माकडहाड महिनाभर ठणकत होतं. टाचेच्या बाजूने उतरणं कसंबसं जमलं, पण बोटांच्या बाजूला वळायला गेलं की तोंडावर आपटायचे. भाड्याचे बूट पायात डुगडुगत होते आणि ढग आले की पुढचा चढउतार दिसायचाच नाही. तरी वेड लागलंय. येत्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा जातेय, या वेळी सात दिवस. माझा मावसभाऊ डेन्व्हरला असतो, तो डिसेंबरात येतोय. त्याचा जुना बोर्ड बाइंडिंगसकट (बूट बोर्डाला बांधायच्या पट्ट्या) फुकट देतो म्हणतो, १६२ चा आहे. एक मैत्रीण म्हणते, सगळं विकत घे, भाड्याच्या सामानानेच तुझी वाट लावली. दुसरी म्हणते, गुलमर्गच्या वाटेवर टंगमर्गला कोट-बूट सगळं मिळतं, एक रुपया घालवू नकोस. बाबा म्हणतात, या वयात हाडं मोडून घ्यायची हौस कशाला. नक्की काय घेऊ, काय नको? आणि या वेळी गोंडोल्याने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, अगदी वरच्या टोकापर्यंत जाऊन खाली यायचंय. जमेल का?
— बर्फवेडी, ठाणे

उत्तर : ताई म्हणालीस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते.

आधी मावसभावाच्या बोर्डाचं बघू, कारण तो डिसेंबरात विमानात बसायच्या आत त्याला कळवायला हवं. मनापासून आभार मान आणि नको म्हणून सांग. १६२ ही बोर्डाची सेंटिमीटरमधली लांबी. म्हणजे तो तुझ्यापेक्षाही उंच आहे. पण खरा घोळ उंचीचा नाही, वजनाचा आहे. बोर्ड वळतो तो आपल्या वजनाखाली थोडा वाकतो म्हणून. ऐंशी किलोच्या पुरुषाला बेताचा वाकणारा बोर्ड ५६ किलोच्या मुलीखाली वाकणारच नाही, तो सरळ जात राहील आणि तू त्याच्यावर बसलेली प्रवासी. तुझ्या वजनाच्या, अजून शिकत असलेल्या मुलीला साधारण १४२ ते १४८ लांबीचा, मऊ बोर्ड लागतो.

दुसरी गोष्ट रुंदीची, जी दुकानात कोणी सांगत नाही. बोर्ड कडेवर उभा करायला बोटं आणि टाच दोन्ही कडांच्या जवळ यावी लागतात. पुरुषाच्या १६२ च्या बोर्डाची कंबरच, म्हणजे मधला अरुंद भाग, पंचवीस सेंटिमीटरच्या वर असते. तुझ्या उंचीच्या बाईचं पाऊल बहुतेक तेवीस-चोवीसच्या आसपास. पाऊल आतच राहतं, कडेला जोर पोचत नाही. उलट मोठ्या पायाचा माणूस अरुंद बोर्डावर उभा राहिला, तर त्याच्या बुटाची टोकं वळताना बर्फात घासतात आणि तो उडून पडतो. म्हणजे हे दोन्हीकडून बिघडतं. शिवाय देशातल्या विमानात इकॉनॉमीला साधारण पंधरा किलो सामान नेता येतं. बोर्ड, बाइंडिंग आणि बॅग त्यात घातलीस तर कपडे अंगावरच घालून जावे लागतील.

आता तुझ्या दोन्ही मैत्रिणी. एक म्हणते सगळं घे, एक म्हणते काहीच घेऊ नकोस. दोघींचं अर्धं अर्धं बरोबर आहे. माझा हिशेब असा : जे अंगाला लागतं ते स्वतःचं, जे बर्फाला लागतं ते भाड्याचं. तुझे पाय, डोळे, मनगटं सात दिवसांत बदलणार नाहीत. बर्फ मात्र गुलमर्गला सात दिवसांत तीनदा बदलू शकतो, आणि भाड्याचा बोर्ड त्याप्रमाणे बदलून घेता येतो. विकत घेतलेला बोर्ड पडेल त्या बर्फात वापरावा लागतो.

स्वतःच्या वस्तूंत पहिला नंबर बुटांचा. तू लिहिलंयस की बोटांच्या बाजूला वळता येत नाही, आणि त्याच दमात लिहिलंयस की बूट डुगडुगत होते. या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. बोटांच्या कडेवर जाताना गुडघे वाकवून नडगीने बुटाच्या जिभेवर दाब द्यायचा असतो. बूट ढिला असला की दाब दिल्यावर आधी टाच बुटाच्या आत वर उचलली जाते आणि बोर्ड तिथेच सपाट पडून राहतो. दांडा हलणाऱ्या कुऱ्हाडीने लाकूड फुटत नाही, तसंच. मग आपण घाबरून कमरेतून वाकतो, वजन पुढे जातं आणि तोंडावर. प्रशिक्षक ओरडतो ‘गुडघे वाकव’, पण दोष गुडघ्यांचा नसतोच.

मापाचं नीट ऐक. संध्याकाळी, म्हणजे दिवसभर वावरून पाय थोडे पसरल्यावर, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभी राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे रेघ मार. भिंतीपासून रेघेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोज. दोन्ही पायांचं, कारण ते सारखे नसतात. मोठा आकडा धर. स्नोबोर्डच्या बुटांवर हेच सेंटिमीटरचं माप लिहिलेलं असतं, त्याला माँडो म्हणतात. अमेरिकेचे सहा-सात, युरोपचे सदतीस-अडतीस कंपनीगणिक सरकतात, त्यांच्या भानगडीत पडू नकोस. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकायला हवीत. आपल्याला बोटापुढे अंगठाभर जागा ठेवायची सवय, म्हणून पहिल्यांदा घालून बघताना हे लहान वाटतात आणि सगळे मोठे मागून घेतात. गुडघे वाकव. बोटं किंचित मागे सरकली आणि टाच खोबणीत घट्ट बसली की माप बरोबर. मग पंजांवर उभी राहा. टाच उचलली जात असेल, तर मोठा आहे, कितीही आरामशीर वाटला तरी. बोटं दुमडत असतील, तर लहान. मापाचा बूट दोन-चार दिवसांत आतून थोडा बसतो आणि सैलावतो, हेही धरून चाल.

आपल्याकडे स्नोबोर्डचे बूट दुकानात घालून बघायला मिळणं अवघड. डेन्व्हरला रांगेने दुकानं आहेत. तेव्हा मावसभावाला बोर्डाऐवजी हे काम दे. मऊ फ्लेक्सचे, म्हणजे सहज वाकणारे, नवशिक्यांचे, बायकांच्या साच्याचे बूट. बायकांच्या बुटांची पिंढरीकडची बाजू बुटकी आणि रुंद असते, पुरुषांचे लहान मापाचे बूट घेऊन ते जमत नाही. आणि परत करता येतील अशा दुकानातून घ्यायला सांग. तो येण्याआधीच कागदावरची रेघ व्हॉट्सॲपवर पाठव, पण बाजूला पट्टी ठेवून फोटो काढ. घरी आल्यावर ते घालून रोज संध्याकाळी अर्धा तास घरात वावर. शेजारी हसले तर हसू देत. एखादं हाड टोचत असेल तर ते ठाण्यात कळलेलं बरं, गुलमर्गच्या उतारावर नको. समज, तुझ्या पायाला बसणारे बूट मिळालेच नाहीत, तर भाड्यानेच घे, पण मग पहिल्या दिवशी दुकानात अर्धा तास घालव आणि वरच्याच तीन परीक्षा कर. मागे रांग लागली म्हणून लाजू नकोस.

मोजे एकच जोड, पातळ किंवा मध्यम, लोकरीचे किंवा सिंथेटिक, बुटाच्या वर येतील एवढे उंच. थंडी वाजेल म्हणून दोन जोड घालणं ही आपल्याकडची हमखास चूक. दोन जोडांत घड्या पडतात, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची विजार मोज्याच्या आत खोचू नकोस, ती बुटाच्या वरच संपू दे. पिंढरीवर एक घडी जरी राहिली तरी दुपारपर्यंत तिथे वळ उठतो.

यानंतर मनगटं. बाबांना सांग की त्यांची काळजी अगदी योग्य जागी आहे, फक्त उपाय घरी बसण्याचा नाही. स्नोबोर्डवर नवशिक्यांना सर्वांत जास्त दुखापत मनगटाची होते, कारण दोन्ही पाय बांधलेले असतात आणि पडताना हात आपोआप पुढे जातात. रिस्ट गार्ड घे, हातमोज्याच्या आत बसणारे. आणि पडताना मुठी वळायची सवय लाव, पसरलेल्या तळव्यावर पडायचं नाही. पुढे पडलीस तर कोपरापासूनच्या हातावर, मागे पडलीस तर बुडावर आणि पाठीवर लोळण घेत. बुडासाठी पॅडवाली चड्डी मिळते, विजारीच्या आत घालायची. दिसायला भयंकर असते, घालच. ती इतकी उपयोगी आहे की पहिल्या वेळी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सक्तीची करावी असं माझं मत आहे. हेल्मेट भाड्याने मिळतं, पण मापाचं मिळेलच असं नाही, आणि आतलं अस्तर कोणाकोणाच्या घामाने भिजलेलं असतं. जमलं तर स्वतःचं घे. नवशिके मागे पडतात तेव्हा डोक्याची मागची बाजू आपटते, आणि टणक बर्फावर ती गंमत नसते.

तुझा चढउतार न दिसण्याचा प्रश्न गॉगलचा आहे. ढगाळ दिवशी बर्फावर सावलीच पडत नाही. खड्डा, उंचवटा, उताराचा कोन सगळं एकाच पांढऱ्यात विरतं. गडद काच लावलेली असेल तर उरलासुरला प्रकाशही जातो. गॉगलच्या काचांना ० ते ४ अशा श्रेणी असतात. श्रेणी ३ ची काच साधारण ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते, ती लख्ख उन्हाची. श्रेणी १ ची ४३ ते ८० टक्के सोडते, बहुतेक गुलाबी किंवा पिवळसर, ती ढगांची आणि पडत्या बर्फाची. काच बदलता येणारा गॉगल घे आणि दोन्ही काचा जवळ ठेव. एकच घ्यायची ऐपत असेल तर श्रेणी २ घे, पण साधा काळा चष्मा घालून जाऊ नकोस, तो बाजूने उघडा असतो. गुलमर्ग २,६५० मीटरच्या आसपास आहे, उंची वाढते तसं अतिनील ऊन वाढतं आणि ताजा बर्फ त्यातलं बरंचसं खालून परत डोळ्यांवर फेकतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन रात्रभर पाणी वाहत राहणं हा अनुभव घेण्यासारखा नाही. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लाव, तिथे खालून ऊन लागतं.

कपड्यांबाबत तुझ्या दुसऱ्या मैत्रिणीशी माझं भांडण आहे. टंगमर्गला गाडी थांबली की लांब ओव्हरकोट आणि गमबूट भाड्याने देणारे येतात. ते घालून स्लेजवर बसून फोटो काढायला काही हरकत नाही. बोर्डावर तो कोट घोट्यापर्यंत लोळतो, वर भिजला की दुप्पट जड होतो. तुला तीन थर हवेत. अंगालगत घाम ओढून घेणारा, लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा. त्यावर फ्लीस. सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जाकीट आणि तशीच विजार, लेबलवर निदान १०,००० मिमी लिहिलेलं. नवशिक्याचा अर्धा वेळ बर्फात बसून बाइंडिंग बांधण्यात जातो, त्यामुळे जाकिटापेक्षा विजार चांगली घे. सुती काहीही नको, बनियनसुद्धा नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि लिफ्टवर बसून वर जाताना तो घाम गार होतो. डेकॅथलॉनसारख्या दुकानात स्नोचे कपडे हिवाळ्यात येतात. ठाण्यातल्या उकाड्यात ते घालून बघणं ही शिक्षाच आहे, पण बघ. वाकून बूट बांधताना कंबर उघडी पडते का, एवढं बघितलंस तरी पुरे. हातमोज्यांत बोटं वेगळी नसलेले मिटन जास्त गरम राहतात, मात्र बकलं लावताना काढावे लागतात. आतून बारीक हातमोजे आणि वर मिटन, हे सर्वांत चांगलं.

आता बर्फ. तुझ्या मनात असेल की गेल्या वर्षीचा बर्फ वाईट निघाला, या वर्षी चांगला निघेल. तसं ते नसतं. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. थंडी या क्रमाने उतरत जाते, पण बर्फ पडतो तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे, आणि ते आपल्या सोयीने येत नाहीत. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, महिना सरता सरता बर्फ पडला. २०२५ मध्ये फेब्रुवारीत तिथे होणारे खेलो इंडिया विंटर गेम्स बर्फ नाही म्हणून पुढे ढकलले आणि मार्चमध्ये घेतले. तेव्हा सात दिवस हातात आहेत ही तुझी सर्वांत मोठी जमेची बाजू. तीन दिवसांच्या ट्रिपमध्ये जो बर्फ मिळेल तो मिळतो.

फेब्रुवारीच्या शेवटी तुला बहुधा तीन तऱ्हेचा बर्फ भेटेल. बर्फ पडून गेल्यावरचा पहिला-दुसरा दिवस पावडरचा, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाचा. त्यात पडलं तरी लागत नाही, पण बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, बुडतं. अशा दिवशी दुकानात जाऊन थोडा लांब, म्हणजे १५० च्या आसपासचा बोर्ड माग, नाक वर वळलेला, आणि बाइंडिंग एक-दोन भोकं मागे घ्यायला सांग. मागच्या पायावर जरा जास्त वजन ठेव. सपाट जागेवर थांबू नकोस, कारण मऊ बर्फात बोर्डावर अडकलीस तर पाय सोडून कमरेइतक्या बर्फातून चालत यावं लागेल. स्कीवाल्यांकडे काठ्या असतात, आपल्याकडे नसतात.

नंतर पाचपन्नास माणसांनी तुडवून आणि रात्री गोठून झालेला टणक बर्फ, जो तुला जानेवारीत भेटला. इथे कडांना धार हवी. दुकानात बोर्ड हातात घेतलास की नखाची पाठ कडेवर आडवी हलकेच ओढ. नखाची बारीक साल निघाली तर धार आहे. नख नुसतं घसरलं तर दुसरा बोर्ड माग किंवा धार लावून दे म्हण. गेल्या वर्षी तुझा बोर्ड बोथट असणार यावर मी पैज लावायला तयार आहे. अशा दिवशी सकाळी साडेनऊ-दहाला उगाच घाई करू नकोस, ऊन लागून वरचा थर जरा नरमला की सुरू कर.

आणि तिसरा, दुपारनंतरचा भिजका बर्फ. मार्च जवळ आला की हा वाढतो. रात्री गोठतो, दुपारी वितळतो. ओला बर्फ बोर्डाच्या तळाला चिकटतो आणि बोर्ड अचानक ब्रेक लागल्यासारखा थांबतो, तू मात्र थांबत नाहीस. तळ पांढुरका, कोरडा दिसत असेल तर दुकानदाराला मेण लावून मागायचं. बहुतेक जण मागतच नाहीत, मागितलं तर लावून देतात.

भाड्याचा बोर्ड घेताना आणखी दोन गोष्टी. बाइंडिंगचे मधले स्क्रू हाताने हलवून बघ, पट्ट्यांची बकलं दहा वेळा उघडबंद कर. दात झिजलेलं बकल उतारावर मध्येच सुटतं. आणि कोणता पाय पुढे ते ठरवून जा. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा पुढे असेल तर गूफी. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावत येऊन घसर, जो पाय आपोआप पुढे जातो तो तुझा. गेल्या वर्षी दुकानात जे बसवलेलं होतं त्यावरच तू शिकली असशील, तर हे आधी तपास. उलट्या पायावर शिकायला लावलेली माणसं मी पाहिली आहेत, ती बिचारी स्वतःलाच नावं ठेवत असतात. सुरुवातीला पुढचा पाय साधारण १५ अंश बाहेर, मागचा ६ ते ९ अंश उलट्या दिशेने बाहेर, दोन पायांत खांद्याएवढं अंतर. नाही रुचलं तर दुसऱ्या दिवशी बदल. स्क्रूड्रायव्हर दुकानात असतोच, जवळ बाळगायची गरज नाही. बोर्ड घेताना त्याच्यावरच्या जुन्या ओरखड्यांचे फोटो मात्र काढून ठेव, परत देताना वाद नको. आणि शिकवणारा स्वतः बोर्डावर चालणारा आहे ना, हे आधी विचार. गुलमर्गला स्की शिकवणारे भरपूर, बोर्डवाले त्या मानाने कमी.

आता शेवटचा प्रश्न, वरच्या टोकाचा. गोंडोल्याचा पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगडूरीला जातो, साधारण ३,०५० मीटरवर. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास. मला विचारशील तर या वर्षी दुसऱ्या टप्प्यावर बोर्ड घेऊन जाऊ नकोस. टेकडीची भीती म्हणून म्हणत नाही. तिथे खाली उतरायला आखलेला, दाबलेला सोपा रस्ता नाही. जे आहे ते मोकळं डोंगर-उतार आहे, आणि बोटांच्या कडेवर वळता न येणाऱ्या माणसाला ते एकाच बाजूने घसरत, मांड्या पेटेपर्यंत उतरावं लागतं. शिवाय ठाण्याहून निघून दुसऱ्याच दिवशी जवळजवळ चार हजार मीटरवर गेलीस, तर डोकं दुखणार, उलटी येणार. बोर्ड खाली ठेवून, चौथ्या-पाचव्या दिवशी, नुसती बघायला गोंडोल्याने जा आणि गोंडोल्यानेच खाली ये.

आणि हिमस्खलनाचं म्हणशील तर तो वरचा डोंगर पोरखेळ नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलनात पोलंडचे दोन जण गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीअर गेला. तू जातेयस तोच महिना. गस्तीच्या हद्दीबाहेर जाणाऱ्याकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारं यंत्र), बर्फात खुपसून बघायची काठी आणि फावडं ही तिन्ही हवीत, बरोबरच्या प्रत्येकाकडे हवीत आणि ती वापरता यायला हवीत. गाडलेल्या माणसाला शोधणारा बाहेर असावा लागतो, नुसतं स्वतःच्या छातीवर यंत्र बांधून काही होत नाही. तुझ्या ग्रुपमधलं कोणी म्हणालं की ‘गाइड आहे ना, चल’, तर सरळ नाही म्हण.

तुझा आठवडा मी असा घालवला असता : पहिले दोन दिवस खालच्या छोट्या उतारांवर, नव्या बुटांची ओळख करून घेत. तिथल्या ओढणाऱ्या लिफ्टवर एक पाय सोडून जाण्याचा सराव, कारण बोर्डवाल्यांना उतरण्यापेक्षा त्या लिफ्टवर उभं राहणंच जड जातं. मग फक्त बोटांच्या कडेवर, उताराकडे पाठ करून, उभ्या उभ्या घसरत खाली येणं, कंटाळा येईपर्यंत. ते जमलं की कोंगडूरी. एक दिवस मध्ये पूर्ण सुट्टी ठेव, चौथा असेल तर उत्तम. दुखापती बहुतेक दमलेल्या अंगाला, ‘शेवटची एक फेरी’ म्हणत होतात.

विमा काढताना अटी वाच. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात किंवा वेगळे पैसे भरून घ्यावे लागतात, आणि आखलेल्या उताराबाहेरचं तर अनेकदा धरतच नाहीत. ‘स्नोबोर्डिंग’ हा शब्द लेखी दिसला पाहिजे. तो कागद बाबांना दाखव, बरोबर रिस्ट गार्डही दाखव. ते विरोध सोडतील असं नाही, पण निदान प्रश्न बदलतील.

मावसभावाला पाठवायची यादी म्हणजे : पायाच्या मापाचा फोटो, मऊ फ्लेक्सचे बायकांचे बूट, रिस्ट गार्ड, पॅडची चड्डी, दोन काचांचा गॉगल आणि मोज्यांचे दोन जोड, एक घालायला आणि एक वाळत घालायला. पैसे तू देणार हेही लिही. आणि हो, तुझं सिम प्रीपेड असेल तर निघण्याआधी पोस्टपेड करून घे. इतर राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, आणि उतारावर चुकामूक झाली तर मैत्रिणींना फोन लागायला हवा.